जिराफ पाहून रागावणारी माणसं

भाडेकरूची परीक्षा जिराफाकडून घेणारा घरमालक पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला आणि तो आमच्या वाट्याला आला. पुण्यात मी ज्या घरमालकांच्या हाताखालून गेलो होतो ते लग्न झालंय का, मांसमच्छी शिजवता का, पाहुणे किती दिवस राहतात असे सरळ प्रश्न विचारायचे. जपानमधल्या त्सुकुबाचे आमचे घरमालक काहीच विचारायचे नाहीत. दार उघडून बाजूला व्हायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, बस्स.

मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी मी तिथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागलो. निम्म्या घरांच्या कौलांवर अजून निळी प्लास्टिकं होती, फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या स्फोटामुळे बागांमधून किरणोत्सर्ग मोजणारे खांब उभे राहिले होते, आणि जमीन अधूनमधून अशी हलायची की भिंतीवरचं घड्याळ आपल्याकडे बघून मान डोलावतंय असं वाटावं. परदेशी लोक जात होते, आणि आम्ही तिघं येत होतो : मी, बायको मीनल आणि चार वर्षांची ईरा. घर दाखवणाऱ्या एजंटाच्या पोराने गाडीत तीनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "घर उत्तम आहे. डोंगराच्या पायथ्याशी आहे. घरमालकही... बरे आहेत. फक्त आधी त्यांच्याकडची एक वस्तू बघावी लागते." मला वाटलं बागेतला दगडी दिवा वगैरे असेल. जपानी माणसाला आपला दगड दाखवायची हौस असते.

दार उघडलं तर समोर जिना, आणि जिन्याच्या मधल्या पोकळीतून सरळ वर गेलेली जिराफाची मान. छाती तळमजल्यावर, डोकं माडीवर. मधलं छत त्याच्यासाठी कापलेलं. भूकंपात म्हणे या घरातली कपाटं, भांडी, छपराची कौलं, सगळं खाली आलं. जिराफ तेवढा कमरेतून झुलल्यासारखा झुलला आणि परत जागेवर उभा राहिला. एक कान तुटला होता, तो घरमालकांनी सुतारकामाच्या डिंकाने चिकटवला होता. त्यामुळे तो प्राणी कायम काहीतरी नीट ऐकू न आल्यासारखा दिसायचा.

ईरा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली, मान मोडेपर्यंत वर बघितलं आणि विचारलं, "बाबा, हा वर कुठे चाललाय?" मीनल मात्र जागच्या जागी थिजली होती. "ह्याला मारलं कुणी?" तिने विचारलं. मी जपानीत भाषांतर केलं. घरमालकांनी स्वतःच्या नाकावर बोट टेकवलं. तिथे 'मी' म्हणताना छातीला नाही, नाकाला हात लावतात. मीनलने त्यांना नाकापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि ज्या आवाजात तिची आई दूधवाल्याशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "एवढं मोठं जनावर! लाज नाही वाटली?" मी घाईघाईने भाषांतर टाळलं. म्हणालो, "ती म्हणतेय, फार उंच आहे." म्हातारा हसला. मला म्हणाला, "ती असं नाही म्हणाली." आणि मीनलसमोर कंबरेत वाकून किल्ली पुढे केली. त्यांच्या अंगणातलं दुसरं, छोटं घर आमचं झालं.

नंतर कळलं की आमच्या आधी एक विक्रेता ते घर बघायला आला होता. देखणा, टाय लावलेला, पहिल्या महिन्याचं भाडं खिशात घेऊन आलेला. त्याने जिराफाबरोबर फोटो काढून घेतला, वा वा केली, गोळी कुठे लागली ते विचारलं. घरमालकांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की घर द्यायचं नाही. एजंटाच्या पोराने कारण विचारलं तर म्हणाले, "त्याला राग आला नाही."

घरमालकांचं घराणं भातशेतीचं. तिथे विज्ञाननगरी वसवायचं सरकारने ठरवलं तेव्हा गावातल्यांच्या जमिनी गेल्या आणि हातात पैसा आला. शेजाऱ्यांनी घरं बांधली, गाड्या घेतल्या, गोल्फ शिकले. आमचे घरमालक हिवाळ्यात त्सुकुबाच्या डोंगरावर रानडुकरं मारायला जात. पैसा आल्यावर ते आफ्रिकेत गेले. हे ते इतक्या साधेपणाने सांगत, की जणू दात दुखायला लागला म्हणून दातवाल्याकडे गेले. तिथून त्यांनी जिराफ आणला, झेब्र्याचं कातडं आणलं, रानरेड्याची शिंगं आणली आणि आफ्रिकी रानडुकराचं चार सुळ्यांचं, चामखिळींनी भरलेलं एक मुंडकं आणलं, जे पाहून दुष्ट माणसालाही आपण बरे दिसतो असं वाटेल. सिंह मात्र मिळाला नाही. "सिंहाने मला बघितलं आणि तो झोपला," असं ते सांगत.

या सगळ्या मंडळींसमोर माणसं उभी करून त्यांची तोंडं बघणं हा त्यांचा एकमेव छंद होता. विम्याची बाई यायची ती जिराफासमोर डोळ्याला रुमाल लावायची आणि पुढच्याच मिनिटाला झेब्र्याच्या कातड्यावर बसून, त्यावरून हात फिरवत, मऊ आहे हो, म्हणायची. रानरेड्याच्या शिंगांना लोक टोप्या अडकवायचे. रानडुकराच्या मुंडक्यासमोर आजवर एकही माणूस रडला नव्हता. सगळे हसायचे, देवळाचा पुजारीसुद्धा हसला होता. यावरून घरमालकांनी एक सिद्धांत काढला होता आणि मी शास्त्रज्ञ असल्यामुळे तो माझ्याकडून तपासून हवा होता. "सेन्से," ते म्हणत (तिथे संशोधन करणाऱ्या कुणालाही सेन्से म्हणजे गुरुजी म्हणतात, त्यात मोठेपणा मानायचं कारण नाही), "पापण्या. सगळा दोष पापण्यांचा आहे. ज्याच्या पापण्या लांब त्याच्यासाठी माणूस रडतो. आणि ज्याचं लोकरीचं खेळणं दुकानात मिळतं त्याच्यासाठी. रानडुकराचं खेळणं बघितलंय कधी?" मी म्हटलं, नाही. "मग!" म्हणून ते समाधानाने सिगारेट पेटवत.

त्यांचं जपानी त्या भागातलं, खेडवळ आणि ठसक्याचं. मीनलच्या जपानीच्या वर्गात शिकवलेलं एकही वाक्य त्यांच्या तोंडी सापडायचं नाही. ते प्रेमाने बोलत असले तरी पलीकडच्याला वाटायचं भांडण चाललंय. कचऱ्याच्या बाबतीत तर खरंच भांडण असायचं. आमच्या पिशव्या उन्हात धरून आरपार बघायचे आणि टोपण न काढलेली एखादी बाटली, मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरून दाराशी आणून द्यायचे. शिकाऱ्यांचं केशरी जाकीट ते बारा महिने घालायचे. शिकारीला, कचरा टाकायला, आणि बायकोच्या श्राद्धालासुद्धा. बायको भूकंपाच्या आधीच गेली होती. तिला जिराफ कधीच आवडला नव्हता. माडीवर जाताना ती त्या डोक्याकडे बघत नसे आणि आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून जिना चढली, असं ते सांगायचे. "चांगली बाई," असं मग पुढे म्हणायचे. त्यांच्याकडे माणसाला द्यायला याहून वरची पदवी नव्हती.

ईरा मात्र त्या जिराफाची झाली. बालवाडीतून आली की दप्तर आमच्या दारात आणि ती त्यांच्या जिन्यावर. दातांच्या जुन्या ब्रशने ती त्याच्या पापण्या विंचरायची, चिकटवलेल्या कानात काहीतरी सांगायची, आणि घरमालक खालच्या पायरीवर बसून तिच्यासाठी खाकीची, म्हणजे तिकडच्या तांबड्या टेंभुर्णीसारख्या फळाची, सालं काढायचे. ती त्यांना जीजी म्हणायची, म्हणजे आजोबा. वर्षभरात तिचं मराठी मागे पडलं आणि ती घरमालकांच्या बोलीत आमच्याशी भांडायला लागली. पुण्याहून माझ्या आईचा फोन आला की ईरा फोनवर जे बोलायची ते ऐकून आई विचारायची, "हिला कुणी रागावलंय का रे?"

त्या पहिल्याच हिवाळ्यात घरमालकांनी पहाटे एक डुक्कर मारलं आणि सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्याचा एक तुकडा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. नेमकी त्या दिवशी संकष्टी. मीनल मोदकांची उकड काढत होती. "सेन्से, हे मोजा," ते म्हणाले. भूकंपाआधी दर हिवाळ्यात ते मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घालून डुकराच्या मांसाचं मोठं पातेलं शिजवायचे आणि अख्खी आळी जेवायला यायची. स्फोटानंतर डोंगरातली डुकरं खाऊ नका असं सरकारने सांगितलं होतं आणि आदल्या हिवाळ्यात पातेलं चुलीवर चढलं नव्हतं. सरकारवर त्यांचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. त्सुकुबात प्रत्येक संशोधकाच्या खिशात ते मोजायचं यंत्र असतं अशी त्यांची समजूत होती. मी धातूंवर काम करतो हे सांगून उपयोग झाला नाही. "ओट्यावर नको, ओट्यावर नको," असं मीनल ओरडत असताना मी ती पुडी सायकलच्या बास्केटमध्ये घातली आणि आयुष्यात अंडंही न फोडलेला मी डुकराचं मांस घेऊन संस्थेत गेलो. माती तपासणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी मेहेरबानी म्हणून ते यंत्रात ठेवलं. मांस बारीक करून द्यावं लागतं, ते मीच केलं. त्याबद्दल आईला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर वाईट आलं. संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. त्यांनी पातेलं घासून उपडं घातलं होतं.

"खायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही. मर्यादेच्या फार वर आहे."

त्यांनी पातेलं उचलून फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "आणि मारायचं?"

मारायचं तर होतंच. डुकरं खायची बंद झाली तशी वाढली होती, शेतं उकरत होती, आणि नगरपालिका शिकाऱ्यांना विनवत होती. ते मांस त्यांनी मागच्या बांबूच्या बनात पुरलं. जे मारलं ते खाल्लं, एवढा एक नियम ते पाळत आले होते. आफ्रिकेतला जिराफसुद्धा जवळच्या गावातली माणसं सुऱ्या आणि घमेली घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी नेला, ह्यांनीही खाल्ला. घोड्यासारखा, पण जरा गोडसर, असं ते चवीनं सांगत. त्या शिकारीतली एक गोष्ट मात्र त्यांनी मला एकदाच सांगितली, त्या दिवशी, पुरून झाल्यावर हात धुताना. "त्याला पडायला फार वेळ लागला," ते म्हणाले. "एवढी उंची. मला वाटलं, आता सावरेल."

ईरा दुसरीत गेली तेव्हा वर्गाची सहल प्राणिसंग्रहालयात गेली आणि तिने पहिल्यांदा चालणारा, पाला खाणारा जिराफ पाहिला. घरी येऊन ती सरळ त्यांच्या अंगणात गेली. मी मागून गेलो. "जीजी, आपला जिराफ चालत का नाही?" तिने विचारलं. इतर कुणी असतं तर काहीतरी गोड बनवून सांगितलं असतं. मीसुद्धा तोंड उघडत होतो. घरमालकांनी नाकावर बोट ठेवलं. "मी मारला," ते म्हणाले. "बंदुकीने." ईराने त्यांच्याकडे पाहिलं. रडली नाही. खाली वाकून बूट घातले, बंद नीट लावले आणि घरी आली. त्यानंतर ती त्या जिन्यावर गेली नाही आणि त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही.

जिराफाच्या परीक्षेप्रमाणे हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय होता. त्यांनी तो गावभर साजरा केला. तांदळाच्या दुकानात, देवळात, शिकाऱ्यांच्या बैठकीत ते अभिमानाने सांगायचे, "भारतीय गुरुजींची मुलगी माझ्याशी बोलत नाही. चांगली मुलगी!" आणि त्याच काळात, ईराच्या शाळेतून यायच्या वेळेला त्यांना रोज अंगण झाडायची गरज पडायला लागली. पानगळ असो नसो. स्वच्छ अंगणावरून झाडू फिरवत ते पाठमोरे उभे राहायचे, ती शेजारून जायची, आणि ती गेली की झाडू भिंतीला लागायचा. सालं काढलेली खाकी वाटीत घालून आमच्या दाराशी ठेवलेली असायची. ईरा तिला हात लावायची नाही. मी किंवा मीनल ती खायचो आणि वाटी विसळून परत ठेवायचो. "तू तरी समजाव ना तिला," मी मीनलला म्हटलं. "काय समजावू?" ती म्हणाली. "तिचं बरोबर आहे. आणि त्यांचंही काही चुकलं नाही, त्यांनी खरं सांगितलं. मी मध्ये पडणार नाही."

त्याच सुमारास त्यांचं फुकुशिमाला जाणं सुरू झालं. त्यांच्या बायकोचं माहेर तिकडच्या डोंगरातलं. ते गाव रिकामं केलेलं होतं. मेहुणा शेजारच्या शहरात, सरकारने बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत राहायचा आणि दिवसा परवानगी काढून गावात जायचा. माणसं गेल्यावर गावात डुकरं राहायला आली होती. ती मारल्याशिवाय कुणाला परत येता येणार नव्हतं, आणि मारायला माणसं उरली नव्हती. घरमालकांनी तिकडचा परवाना काढला. त्यांचे गुडघे तोवर गेले होते, त्यामुळे एका शनिवारी गाडी चालवायला मी गेलो.

त्या गावाचं वर्णन करायला मला आवडत नाही. खाकीची झाडं फळांनी वाकली होती आणि खाली कुजलेल्या फळांचा थर होता. मेहुण्याच्या घराचं दार डुकरांनी फोडलं होतं आणि आतल्या चटया उकरून घरटं केलं होतं. देव्हाऱ्यातल्या, घरमालकांच्या सासूच्या फोटोखाली खुरांचे ठसे होते. मेहुणा गप्प माणूस. त्याने आम्हांला बूट काढू नका म्हणून सांगितलं आणि ते सांगताना मान खाली घातली, कारण जपान्याला स्वतःच्या घरात बूट घालून या म्हणण्याइतकी दुसरी नामुष्की नाही.

भाताच्या पडीक खाचरात लोखंडी पिंजरा लावला होता. त्यात एक मादी होती आणि तिची पिल्लं. डुकराची पिल्लं मी पहिल्यांदाच बघत होतो. अंगावर कलिंगडासारखे पट्टे असतात. आणि हो, पापण्याही असतात. घरमालक पिंजऱ्यासमोर जरा वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "सेन्से, गाडीत बसा." मी बसलो. काचा लावल्या तरी आवाज आले. नंतर मेहुण्याच्या छोट्या ट्रकमधून ती सगळी गावाबाहेर खणलेल्या एका लांब खड्ड्याशी नेली. खड्ड्यात आधीची होती, वर चुना होता. तिथे कुणी सुऱ्या आणि घमेली घेऊन येणार नव्हतं.

परतताना त्सुकुबाचा डोंगर दिसेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग एकदम म्हणाले, "मेहुणा आभार मानतो. नगरपालिका आभार मानते. पोलीससुद्धा." आणि थोड्या वेळाने, "तुमच्या बायकोला सांगा आज काय केलं ते. ती बोलेल काहीतरी."

मी सांगितलं. मीनलने हातातलं काम ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "बिचारे. पण करणार काय ना? कुणीतरी करायलाच हवं." मी अंगणात जाऊन तेच शब्द सांगितले. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर कुणा ना कुणा शिकाऱ्याच्या गाडीतून ते जवळजवळ दर आठवड्याला गेले. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जिराफ दाखवणं थांबवून ते ही हकिगत सांगायला लागले. सांगायची पद्धत तीच, हात पाठीमागे आणि नजर तोंडावर. पण तोंडांवर काही उमटायचं नाही. विम्याची बाई म्हणाली, थकत असाल हो. एजंटाचं पोर म्हणालं, तुमच्यासारख्यांमुळे देश उभा राहील. मी त्यांना कधी घरात आरडाओरडा करताना पाहिलं नव्हतं. त्या वर्षी एकदा पाहिलं, टीव्हीवर. आफ्रिकेत कुणीतरी सिंह मारला होता आणि बातमी देणारी मुलगी गळा दाटून बोलत होती. "तुझ्या घरापासून गाडीने तीन तासांवर डुकरं मरतायत!" असं ते पडद्याला ओरडून सांगत होते.

आमच्याकडे दिवाळीला तोक्योहून मराठी मंडळी यायची. त्यांत तिथल्या कोतो भागातला देशपांडे मुख्य. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत, मनाने अतिशय उमदा आणि आवाजाने त्याहून. पहिल्या वर्षी जिराफ बघून हा वाटेत घेतलेली कोंबडीची तंगडी हातात धरून असा भडकला होता, की "अरे, हा माणूस तुरुंगात कसा नाही?" असं त्याने घरमालकांच्या तोंडावर मराठीत विचारलं होतं, आणि घरमालकांनी खूश होऊन त्याला घरची साके, म्हणजे तांदळाची दारू, पाजली होती. त्यांच्या मते देशपांडे हा भारतातला सर्वांत चांगला माणूस होता. म्हणून दोनेक वर्षांनी, दिवाळीत ते केशरी जाकिटाला इस्त्री करून आले आणि देशपांडेसमोर बसून त्यांनी फुकुशिमाची सगळी हकिगत सांगितली. पिंजरा, पिल्लं, चुना. मी वाक्यावाक्याला भाषांतर करत होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते. देशपांडेकडे बघत होते.

देशपांडेचे डोळे भरून आले. तो उठला. "मित्रहो," तो म्हणाला, आणि मराठी माणूस घरातल्या घरात मित्रहो म्हणाला की पुढे काय येणार हे मला कळलं. "ह्या वयात, किरणोत्सर्गात जाऊन, हा माणूस समाजाची सेवा करतोय. आपण त्यांचा सत्कार केला पाहिजे. वहिनी, एखादी शाल आहे का?" शाल होती. नारळ पूजेचा होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी हळदीकुंकवाचं ताट आणलं, आणि आमचे घरमालक खांद्यावर शाल, हातात नारळ आणि कपाळावर टिळा अशा अवस्थेत सोफ्यावर बसून राहिले. मी त्यांच्याइतका एकटा पडलेला माणूस दुसरा पाहिला नाही.

"सेन्से, हे कशाचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मान देतायत."

"कशाबद्दल?"

मी सांगितलं. त्यांनी नारळ अंगावर झोपलेलं मूल उचलावं तसा दोन्ही हातांनी उचलला, टेबलावर ठेवला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. "लाजाळू असतात रे हे लोक," देशपांडे म्हणाला. ईरा कोपऱ्यात बसून फराळ खात होती. ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिने सगळं ऐकलं होतं, दोन्ही भाषांत.

पुढच्या दिवाळीला ते आले नाहीत. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले तेव्हा बंदुका त्यांनी स्वतः पोलिसांकडे नेऊन दिल्या. केशरी जाकीट जाऊन करडा स्वेटर आला, आणि आमच्या कचऱ्यात बाटल्या तशाच जायला लागल्या. कुणी परत आणून देईना.

त्या हिवाळ्यानंतर माझं कंत्राट संपलं आणि आमचं पुण्याला परतायचं ठरलं. विमानतळाची बस गावातल्या मोठ्या थांब्यावरून सुटायची. सकाळची वेळ होती, गार वारा होता. घरमालक आमच्या आधी येऊन बाकावर बसले होते. मीनलने त्यांना वाकून नमस्कार केला, मग न राहवून आपल्या पद्धतीने पाया पडली. ते गोंधळून उठले आणि तिला वाकून वाकून नमस्कार करत राहिले. मी सामान चढवत होतो. मागे वळलो तर ईरा त्यांच्यासमोर उभी होती. चार वर्षांत पहिल्यांदा.

"जीजी," ती म्हणाली, "त्या डुकरांना दुखलं का?"

बसचा माणूस पेट्यांना चिठ्ठ्या लावत होता. घरमालकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"दुखलं," ते म्हणाले. "आईला लगेच संपवलं. पिल्लं तिच्या मागे लपली. ती लहान होती, नेम नीट बसायचा नाही."

"मग?"

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. मी जवळ गेलो नाही. त्यांच्या त्या भांडल्यासारख्या बोलीत ते बोलत होते आणि ईरा, बॅगेचे पट्टे दोन्ही हातांनी धरून, ऐकत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. चालकाने हॉर्न वाजवला. तिने वाकून नमस्कार केला आणि बसमध्ये चढली. हात हलवला नाही. बस वळेपर्यंत ते टोपी हातात धरून उभे असलेले मला दिसले.

बराच रस्ता गेल्यावर मी विचारलं, "अजून रागावली आहेस त्यांच्यावर?"

"हो," ती म्हणाली. आणि मग, "नवीन वर्षाला त्यांना फोन करायचा. मी करीन."

तिने केला, दर वर्षी. पुण्यात तिचं जपानी गंजत गेलं, पण त्या एका फोनवर ती अजूनही तिकडच्या खेडवळ बोलीत ओरडून बोलायची आणि माझी आई स्वयंपाकघरातून विचारायची, कुणाशी भांडतेय ही? यंदाच्या नवीन वर्षाला फोन खूप वेळ वाजला, कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मेहुण्याचा नंबर आमच्याकडे नाही. ईरा म्हणाली, "त्यांना ऐकू कमी येतं ना आता. बाहेर अंगणात असतील." मी म्हटलं, असतील.